न कापणाऱ्या सुऱ्या बनवणारा म्हणून ज्याची टिंगल झाली, त्याचं नाव आज जुन्या सुऱ्यांवर शोधलं जातं

चांगल्या सुऱ्या जमवायचा नाद नवा नवा लागला की माणूस पहिल्यांदा अडकतो तो पोलादाच्या नावांत. रीलमध्ये कुणी व्हीजी-१० म्हणतं, कुणी ४४०सी, कुणी डी२. प्रत्येकाचा सूर असा, की बाकीच्या सगळ्या सुऱ्या भंगारात घालाव्यात. नवा माणूस नाव बघून पैसे मोजतो. महिन्याभरानं त्याच्या लक्षात येतं, की एकच नाव कोरलेल्या दोन सुऱ्यांपैकी एक टोमॅटोची कागदासारखी चकती काढते आणि दुसरी टोमॅटो नुसता चेपते.

पोलाद तेच, मग असं का?

याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला फार महागात पडलं होतं. त्याचं नाव हॅरी ब्रिअर्ली. स्टेनलेस स्टीलचा शोध कोणी लावला, या प्रश्नाचं उत्तर म्हणून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात त्याचं नाव एका ओळीत येतं आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. पण त्या शोधानंतर त्याच्याच गावातले सुरीवाले त्याला न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधकर्ता म्हणून हसत होते. हसण्यात त्यांची तशी चूकही नव्हती, कारण त्या पोलादाच्या त्यांनी केलेल्या सुऱ्या खरंच कापत नव्हत्या.

गाव होतं इंग्लंडमधलं शेफिल्ड. सुऱ्यांसाठी हे गाव इतकं जुनं आणि इतकं नावाजलेलं, की चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या एका गोष्टीतला गिरणीवाला शेफिल्डचीच सुरी बाळगून असतो. १६२४ साली तर सुरीवाल्यांची स्वतंत्र संघटना तिथे संसदेच्या कायद्यानं उभी राहिली. कुणी पातं घडवणार, कुणी त्याला दगडावर धार काढणार, कुणी मूठ बसवणार. बापाचं काम मुलाकडे, मुलाचं नातवाकडे. अशा गावाला पोलाद कसं हाताळावं हे शिकवायला जाणं म्हणजे काशीच्या पंडिताला संध्या शिकवण्यासारखं.

हॅरीचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ चा. नऊ भावंडांतला आठवा. घर एका दाटीवाटीच्या आवारात, गरिबी पाचवीला पुजलेली. वडील जॉन ब्रिअर्ली हे थॉमस फर्थ अँड सन्स या कंपनीत पोलाद वितळवण्याचं काम करायचे. हे काम मुशीतलं. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे भरायचे, ती कोकच्या धगीत उतरवायची, काही तासांनी पांढऱ्या तेजानं लखलखणारी मूस चिमट्यानं वर काढायची आणि रस साच्यात ओतायचा. तापमान मोजायला यंत्र नव्हतं. रस तयार झाला की नाही, हे मिस्त्रीचा डोळा ठरवायचा. थंड झालेली कांडी फोडून तिच्या तुटलेल्या तोंडाचे कण पाहून त्यात कार्बन किती आहे हे सांगणारी माणसं तिथे होती. लहानगा हॅरी वडिलांचा डबा घेऊन भट्टीवर जायचा आणि हे सगळं बघत राहायचा.

बाराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली. थोडे दिवस इकडेतिकडे, मग वडिलांच्याच भट्टीखालच्या तळघरात राख आणि खंगर काढायचं काम. तिथून त्याचं नशीब उघडलं ते फर्थच्याच रासायनिक प्रयोगशाळेत. काम होतं बाटल्या धुण्याचं. प्रयोगशाळेचे प्रमुख जेम्स टेलर हे भले गृहस्थ होते. बाटल्या धुणाऱ्या पोराला त्यांनी गणित शिकवलं, हातानं वस्तू बनवायला शिकवलं, वाचायला लावलं. पुढे रात्रशाळा. पुढे पोलादाचं पृथक्करण. बाटल्या धुणारा पोरगा काही वर्षांत त्याच टेबलावर रसायनतज्ज्ञ म्हणून उभा राहिला.

ही इथली गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. शेफिल्डमध्ये तेव्हा दोन जाती होत्या म्हणा ना. एक भट्टीवाल्यांची, ज्यांना सगळं डोळ्यानं कळायचं पण का ते सांगता यायचं नाही. दुसरी प्रयोगशाळेतल्यांची, ज्यांना कार्बनचे टक्के दशांशापर्यंत ठाऊक, पण भट्टीजवळ गेले तर मिस्त्री त्यांना बाजूला सारायचा. ब्रिअर्ली दोन्हीकडचा होता. आयुष्यभर त्याला मिस्त्रींबद्दल साहेबांपेक्षा जास्त आदर राहिला, आणि साहेबांशी त्याचं कधीच धड जमलं नाही.

१९०१ मध्ये तो दुसऱ्या एका पोलाद कंपनीत गेला. १९०२ मध्ये एका सहलेखकाबरोबर पोलाद कारखान्यातल्या पदार्थांच्या पृथक्करणावर पुस्तक लिहिलं. १९०४ मध्ये फर्थनं त्याला रशियन साम्राज्यातल्या रीगा शहरातल्या आपल्या कारखान्यावर पाठवलं. पाठोपाठ १९०५ चा रशियातला उठाव. अशा गडबडीत तो तिथला कारखाना सांभाळत होता. भट्टीचं तापमान मोजायची चांगली साधनं हाताशी नव्हती, म्हणून ठरावीक तापमानाला वितळणारे क्षार वापरून पोलाद किती तापलं हे तो जोखायचा. क्षार विरघळला की समजायचं, पोलाद हव्या त्या तापाला आलं. साधी युक्ती, पण तिच्यातून त्याचा कल दिसतो. पोलाद कुठलं आहे याइतकंच ते किती तापवलं आणि कसं निववलं, हे त्याला महत्त्वाचं वाटत होतं.

आपल्याकडे लोहार याला पाणी देणं म्हणतो. तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवलं की ते कडक होतं. पण इतकं कडक, की काचेसारखं तडकेल. म्हणून मग ते पुन्हा हलक्या आचेवर तापवून त्याचा ताठा थोडा उतरवायचा. या दोन पायऱ्यांत सुरी घडते किंवा बिघडते. १९११ मध्ये ब्रिअर्लीनं हत्यारी पोलादाच्या याच उष्णता प्रक्रियेवर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे पुढे जे रामायण घडलं त्याची किल्ली त्याच्या खिशात आधीपासून होती.

१९०७ मध्ये तो शेफिल्डला परतला. फर्थ आणि जॉन ब्राऊन या दोन कंपन्यांनी मिळून एक संशोधन प्रयोगशाळा काढली होती. १९०८ पासून तिचा प्रमुख ब्रिअर्ली.

१९१२ मध्ये एक काम आलं, आणि त्याचा सुरीशी काडीचाही संबंध नव्हता. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजत होत्या. गोळीबाराच्या उष्ण वायूंनी आतलं पोलाद खरवडून निघायचं आणि नेम बिघडायचा. गंजाची नव्हे, झिजेची ही तक्रार. क्रोमियम जास्त घातलं तर पोलाद उष्णतेला अधिक टिकेल, असा ब्रिअर्लीचा अंदाज. मुशीतले पहिले प्रयत्न फसले. मग विजेच्या भट्टीत, १३ ऑगस्ट १९१३ ला, एक ओतकाम जमलं. क्रोमियम १२.८ टक्के, कार्बन ०.२४ टक्के.

बंदुकीच्या नळ्यांचं त्यातून फारसं काही झालं नाही. झालं ते वेगळंच. पोलादाची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची तर तुकडा घासून चकचकीत करतात आणि त्यावर सौम्य आम्ल लावतात. आम्ल थोडं खातं, मग कणांच्या कडा उठून दिसतात. या तुकड्याला आम्ल लागेचना. ब्रिअर्लीनं मग व्हिनेगर लावून पाहिलं, लिंबाचा रस लावून पाहिला. पातं जसंच्या तसं.

या शोधाची एक लाडकी गोष्ट इंटरनेटभर फिरते. नापास झालेल्या नळ्या भंगारात फेकल्या होत्या, महिन्यांनी ढिगाऱ्यात एक चमकताना दिसली, वगैरे. गोष्ट म्हणून छान आहे. पण आम्ल न लागलेला तुकडा हीच गोष्ट खरी धरावी, कारण ती प्रयोगशाळेतल्या माणसाच्या रोजच्या कामातून येते.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर क्रोमियमची ही करामत बघणारा तो पहिला नव्हता. फ्रान्समध्ये बेर्तिए यानं १८२१ मध्येच लोखंड आणि क्रोमियमचे मिश्रधातू आम्लाला दाद देत नाहीत हे नोंदवलं होतं. त्याच सुमारास लंडनमध्ये मायकल फॅरेडे आणि सुऱ्या-वस्तऱ्यांचा कारागीर जेम्स स्टोडार्ट हे भारतातून गेलेल्या वूट्झ पोलादाचं गुपित शोधता शोधता पोलादात नाना धातू मिसळून पाहत होते, त्यात क्रोमियमही होतं. उलट शेफिल्डच्याच रॉबर्ट हॅडफिल्डनं १८९२ मध्ये जहाल गंधकाम्लात चाचणी घेतली आणि क्रोमियममुळे पोलाद जास्त खराब होतं असा निष्कर्ष काढला. चाचणीच चुकीची निवडली, की हातातलं सोनं माती दिसतं. जर्मनीत क्रुप कंपनीनं १९१२ मध्ये निकेल-क्रोमियमच्या पोलादाची पेटंटं घेतली. अमेरिकेत मोटारी बनवणारा एलवुड हेन्स स्वतंत्रपणे याच वाटेवर होता.

मग ब्रिअर्लीचं काय? माझ्या मते त्याचं मोठेपण असं, की प्रयोगाच्या तुकड्याकडे बघताना त्याला जेवणाच्या टेबलावरची सुरी दिसली. शेफिल्डचा असल्यामुळेच दिसली.

तेव्हाची सुरी म्हणजे साध्या कार्बन पोलादाची. आपल्या घरातली जुनी लोखंडी विळी आठवा. कैरी चिरली की पातं काळं आणि फोडीही काळपट. आम्ल लोखंडाला लगेच लागतं. इंग्लंडातही तेच, लिंबू किंवा व्हिनेगर लागलं की सुरी डागाळायची, जेवणाला लोखंडाची चव यायची, धुऊन लगेच पुसली नाही तर तांबेरा. श्रीमंतांच्या घरी रोज सुऱ्या घासायला नोकर लागायचा, त्यासाठी खास पूड मिळायची, हातानं फिरवायची यंत्रंही होती. या सगळ्या कटकटीचा शेवट आपल्या हातात आहे, हे ब्रिअर्लीला कळलं.

गंमत म्हणजे त्याच्या मालकांना ते कळलं नाही. सुऱ्यांसाठी हे पोलाद वापरा, असं त्यानं फर्थच्या वरिष्ठांना सांगून पाहिलं. कुणाला रस नव्हता. मग आग्रहानं थोडं पोलाद शेफिल्डच्या दोन नावाजलेल्या सुरीवाल्यांकडे पाठवलं गेलं. दोघांचाही अहवाल सारखाच आला. हे पोलाद घडवता येत नाही, घासता येत नाही, कडक होत नाही, सुरीसाठी कुचकामी.

इथे नव्या संग्राहकानं वही काढावी.

साधं कार्बन पोलाद कडक करायला साधारण ७७० ते ८०० अंश सेल्सियस ताप पुरतो. पातं लालबुंद झालं की कारागीर ते बुडवतो. हा रंग शेफिल्डच्या डोळ्यांत पिढ्यान् पिढ्या मुरलेला. ब्रिअर्लीच्या पोलादाला मात्र ९५० अंशांच्या वर, हजाराच्या आसपास जावं लागतं. त्यातला कार्बन क्रोमियमशी घट्ट जोडलेला असतो, आणि तेवढी उष्णता मिळाल्याशिवाय तो सुटून पोलादात विरघळत नाही. सुरीवाल्यांनी नेहमीच्या रंगाला पातं बुडवलं. ते मऊच राहिलं. वर आणखी एक भानगड. हे पोलाद जास्त तापवून घडवलं आणि नुसतं हवेत ठेवून दिलं तरी कडक होतं. म्हणजे जिथे मऊ हवं, भोकं पाडायची, कानशीनं घासायचं, तिथे ते कडक, आणि जिथे धार धरायला कडक हवं तिथे मऊ. पिढीजात कारागीर वैतागला नसता तरच नवल.

पोलाद उत्तम होतं. सुरी वाईट होती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

मार्ग निघाला तो आर. एफ. मोझली या कंपनीतल्या अर्नेस्ट स्टुअर्टमुळे. तो तिथे सुऱ्यांचं काम बघायचा. न गंजणारं पोलाद असू शकतं यावर त्याचा आधी विश्वास बसला नाही, पण त्यानं नमुना घेतला आणि व्हिनेगरची परीक्षा करून पाहिली. ब्रिअर्ली याला न गंजणारं या अर्थी रस्टलेस म्हणत होता. डाग न पडणारं, स्टेनलेस, हे नाव स्टुअर्टचं. आज जगभर जो शब्द रुळलाय तो शास्त्रज्ञानं दिलेला नाही, सुरीच्या कारखान्यातल्या माणसानं दिलेला आहे.

स्टुअर्टचा पहिला घाणा अवजारांची धार बसवणारा निघाला. दुसऱ्या खेपेला पाती फार कडक झाली आणि ठिसूळ राहिली. तिसऱ्या खेपेला ब्रिअर्ली स्वतः कारखान्यात उभा राहिला आणि ताप किती द्यायचा ते डोळ्यांदेखत ठरवून दिलं. सुऱ्या जमल्या. हे १९१४ साल. शेफिल्डच्या पोर्टलंड वर्क्स या इमारतीत हे घडलं. मोझलीनं पुढे या सुऱ्यांसाठी रस्नॉरस्टेन असं नाव घेतलं. गंजही नाही आणि डागही नाही, असं एका दमात सांगणारं. हा शिक्का असलेली सुरी जुन्या बाजारात दिसली तर सोडू नका, किंमत अजून बेताचीच असते.

सुऱ्या जमल्या, पण ब्रिअर्लीचं पुढचं वर्ष कडू गेलं. विक्रीची चिन्हं दिसताच कंपनीला पोलादाबद्दल अचानक आस्था वाटू लागली. कंपनीचं म्हणणं, आमच्या प्रयोगशाळेत लागलेला शोध आमचा. ब्रिअर्लीचं म्हणणं, सुरीचा उपयोग मी दाखवला, तुम्ही झिडकारला, आणि आता श्रेयातही वाटा नाही? पैशापेक्षा श्रेयाची ठसठस जास्त होती. बाटल्या धुण्यापासून जिथे आयुष्य घडलं ती जागा त्यानं १९१५ मध्ये सोडली आणि ब्राऊन बेलीज या दुसऱ्या पोलाद कंपनीत कामाला लागला. या भांडणात माझा कौल त्याच्या बाजूनं आहे, पण तो माणूस वागायला सोपा नव्हता हेही खरं. साहेबाला साहेब म्हणून मान देणं त्याला जमलंच नाही.

ब्रिटनमध्ये वेळेत पेटंट झालं नव्हतं. अमेरिकेत मात्र त्यानं अर्ज केला. पहिला अर्ज फेटाळला गेला. क्रोमियमचं पोलाद आधीपासून माहीत होतं, मग नवीन काय? तेव्हा ब्रिअर्लीनं मागणी बदलली. त्याला ५ सप्टेंबर १९१६ रोजी मिळालेल्या अमेरिकन पेटंटचा विषय आहे सुऱ्या-काटे, म्हणजे कटलरी. ९ ते १६ टक्के क्रोमियम, ०.७ टक्क्यांपेक्षा कमी कार्बन, आणि मुख्य म्हणजे कडक करून घासून चकचकीत केलेली वस्तू. नुसत्या पोलादावर हक्क मिळाला नाही, नीट कडक केलेल्या सुरीवर मिळाला. शेफिल्डच्या त्या दोन कारखान्यांत जे चुकलं होतं, नेमकं त्यावरच त्याचं पेटंट उभं राहिलं.

तिकडे हेन्सनंही दावा लावून धरला होता. शेवटी अमेरिकेत दोघांचे हक्क एका कंपनीत एकत्र आले आणि हेन्सचं पेटंट १९१९ मध्ये मंजूर झालं. फर्थशीही १९१७ मध्ये तोडगा निघाला आणि फर्थ-ब्रिअर्ली स्टेनलेस स्टील सिंडिकेट उभी राहिली. त्या वेळी पहिलं महायुद्ध चालू होतं. हे पोलाद विमानांच्या इंजिनातल्या झडपांसाठी लागत होतं, त्यामुळे सुऱ्यांसाठी ते मिळेना. टेबलावरच्या स्टेनलेस सुऱ्यांचा खरा पूर आला तो युद्ध संपल्यावर.

ही तारखांची जंत्री संग्राहकाच्या कामाची आहे. पात्यावर स्टेनलेस असा शिक्का असेल तर ते पातं १९१४ च्या आधीचं असूच शकत नाही. विक्रेता व्हिक्टोरिया राणीच्या काळातली म्हणत असेल, तर हसून पुढे जा. मूठ मात्र खरंच तेवढी जुनी असू शकते. १९२० नंतर अनेक घरांनी जुन्या चांदीच्या किंवा हस्तिदंती मुठींत नवी स्टेनलेस पाती बसवून घेतली. अशी सुरी खोटी नाही, पण अस्सल जुनीही नाही, आणि किंमत त्याप्रमाणे व्हायला हवी. हस्तिदंताचा व्यापार भारतात कायद्यानं बंद आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. पात्यावर फर्थ ब्रिअर्ली स्टेनलेस असं दिसलं तर ते भांडण मिटल्यानंतरचं पातं. ज्या श्रेयासाठी माणसानं नोकरी सोडली ते नाव मुठीलगत बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेलं असतं. भिंगाशिवाय कित्येकदा दिसतही नाही.

लोहचुंबकाचा घोळही इथेच मिटवू. चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही, असं भांड्याच्या दुकानात सर्रास सांगतात. भांड्यांपुरतं त्यात थोडं तथ्य आहे. आपल्या घरात स्टीलची भांडी म्हणतो त्यातली चांगली बहुतेक निकेलवाली, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलची. ती चुंबकाला ओढत नाहीत. हे पोलाद ब्रिअर्लीचं नाही. त्याच्या जागी फर्थच्या प्रयोगशाळेत आलेल्या विल्यम हॅटफिल्डनं १९२४ मध्ये ते आणलं. पण ते पाणी देऊन कडक होत नाही, म्हणून धारेच्या सुरीला चालत नाही. ब्रिअर्लीच्या घराण्याचं पोलाद कडक होतं आणि चुंबकाला घट्ट धरतं. भारी जपानी सुरीसुद्धा स्वयंपाकघरातल्या चुंबकाच्या पट्टीवर लटकते ती त्यामुळेच. सुरीला चुंबक चिकटला नाही तर खरी शंका घ्या.

सुरुवातीला घेतलेली ती नावंही आता तेवढी भीतिदायक वाटणार नाहीत. सगळा खेळ क्रोमियम आणि कार्बन यांच्या ओढाताणीचा. क्रोमियम पोलादाच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा धरतं, ओरखडा गेला तरी तो पुन्हा जुळतो, म्हणून गंज चढत नाही. त्यासाठी साधारण ११ टक्के क्रोमियम मोकळं हवं. कार्बन धार देतो, पण तोच क्रोमियमला पकडून बसतो. डी२ मध्ये क्रोमियम जवळपास ब्रिअर्लीच्या पोलादाइतकंच, १२ टक्क्यांच्या आसपास, पण कार्बन दीड टक्का. म्हणून डी२ ची धार टिकते आणि सुरी ओली ठेवली तर डागाळते. ४४०सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास, म्हणून तिथे क्रोमियम १७ टक्क्यांपर्यंत वाढवावं लागलं. व्हीजी-१० मध्येही कार्बन एक टक्काच, क्रोमियम १५ च्या घरात.

आणि यातलं कुठलंही पोलाद चुकीच्या तापाला बुडवलं तर १९१३ च्या शेफिल्डची पुनरावृत्ती. म्हणून विकत घेताना पोलादाचं नाव विचारून झालं की कडकपणा विचारा. रॉकवेल नावाच्या मापात तो सांगतात. जेवणाच्या टेबलावरची सुरी पन्नाशीच्या थोडी वर, स्वयंपाकाची युरोपियन सुरी ५५ ते ५८, जपानी ६० च्या पुढे. चांगला कारागीर हा आकडा लगेच सांगतो, आणि उष्णता प्रक्रिया कुणाकडून करून घेतली तेही सांगतो. ज्याला फक्त पोलादाचं नाव सांगता येतं त्याच्याकडून पहिली महाग सुरी घेऊ नका. आणि जुनी कार्बन पोलादाची सुरी मिळाली तर तिच्या पात्यावरचा करडा-निळसर थर घासून काढायचा मोह आवरा. साणेच्या चाकावर तर मुळीच देऊ नका. चाकावर पातं तापलं की दिलेलं पाणी उतरतं, आणि कडेचा आकार गेला की तो परत येत नाही.

ब्रिअर्लीचं पुढचं आयुष्य बरं गेलं. १९२० मध्ये ब्रिटनच्या पोलाद जगतातलं मानाचं बेसेमर सुवर्णपदक मिळालं. १९२५ मध्ये तो ब्राऊन बेलीजच्या संचालक मंडळावर गेला. १९३३ मध्ये त्यानं पोलाद बनवणाऱ्या माणसांवर पुस्तक लिहिलं. त्यात वडिलांसारख्या भट्टीवाल्यांना त्यानं दिलेली जागा पाहिली की बालपणीचा तो डबा घेऊन जाणारा पोरगा आठवतो. १९३९ मध्ये शेफिल्ड शहरानं त्याला आपला मानद नागरिक केलं. ज्या गावात टिंगल झाली त्याच गावात. १९४१ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं आणि त्याच वर्षी त्यानं फ्रेशगेट नावाचा धर्मादाय न्यास काढला. आपल्याला टेलर भेटले तसं कुणीतरी गरीब पोरांना भेटावं, अशी त्यामागची भावना असावी. १९४८ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्कीमध्ये त्याचा मृत्यू झाला.

शोधाला शंभर वर्षं झाली तेव्हा शेफिल्डमध्ये एका उंच इमारतीच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र रंगवलं गेलं. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, पोर्टलंड वर्क्सची इमारत सदनिकांत रूपांतरित होण्यापासून वाचली. गावातल्या शेकडो लोकांनी छोटे छोटे हिस्से घेऊन ती विकत घेतली. तिथे आजही लहान लहान कार्यशाळा आहेत, आणि त्यांत हातानं सुऱ्या घडवणारे कारागीर बसलेले आहेत.